टाकीचं गणित

जिल्हा नवा झाला की आधी पाट्या रंगवतात. उंबरदऱ्याच्या शाळेची पाटीही रंगली. ‘जिल्हा उस्मानाबाद’ खरवडून तिथं ‘जिल्हा लातूर’ आलं. पण रंगाऱ्यानं खरवडायचा कंटाळा केला असणार, कारण उतरत्या उन्हात खालचं उस्मानाबाद अजून वाचता यायचं. अहमदपूरहून आत फुटणाऱ्या रस्त्याच्या टोकाला हे गाव. गाव उस्मानाबादेत असताना पाऊस आला नव्हता, आणि लातुरात आल्यावरही त्यानं आपला शिरस्ता मोडला नाही. तेव्हा नव्या जिल्ह्यानं गावाचं काय केलं असं कुणी विचारलं, तर पाटी दाखवायची आणि गप्प बसायचं.

जगदेवीच्या बाबतीत मात्र नव्या जिल्ह्यानं भलतीच तत्परता दाखवली.

जगदेवी म्हणजे महादेवप्पा किराणावाल्याची बायको. माहेर उदगीरचं, शिक्षण बी.एस्सी. गावात हायस्कूल निघालं त्या वर्षी गणिताला मास्तर मिळेना. मिळाला तो मुक्कामाच्या एसटीनं आला आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं परत गेला. तेव्हा संस्थेचे अध्यक्ष अण्णाराव स्वतः दुकानात आले आणि महादेवप्पाला म्हणाले, बाईला चार दिवस पाठवा, तोवर बघतो कुणी. अण्णारावांना नाही म्हणायची गावात रीत नव्हती. शाळा त्यांची, सोसायटी त्यांची. गावात कुणाला ठसका लागला तरी पाणी त्यांना विचारून प्यावं लागे. त्या चार दिवसांची अकरा वर्षं झाली. अण्णाराव अजून बघतच होते आणि जगदेवी शिकवतच होती.

तिच्यात एक उणीव होती, ती सरकारी भाषेत ‘अप्रशिक्षित’ अशी लिहीत. म्हणजे तिला गणित येत होतं, पोरांना येत होतं, बोर्डाच्या परीक्षेत निकाल लागत होता. पण शिकवायचं कसं हे तिला अधिकृतपणे माहीत नव्हतं. तिनं बी.एड. केलं नव्हतं. गाडी चालवता येणं वेगळं आणि लायसन असणं वेगळं, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

नवा जिल्हा झाला त्या सालच्या दुष्काळात गावोगावच्या शाळा ओस पडल्या. पोरं खडी फोडायला गेली, पोरी पाण्याच्या रांगेत गेल्या. उंबरदऱ्याची आठवी मात्र भरलेली, कारण जगदेवीनं एक युक्ती केली होती. टँकर यायचा तो शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या पाण्याच्या टाकीपाशी. टाकी सरकारनं बांधलेली, फीत कापलेली, नावांचा संगमरवरी दगड बसवलेली. फक्त तिच्यात पाणी कधी आलं नव्हतं. तिच्या सावलीत बायकांची रांग लागायची, आणि टँकर कधी येईल ते खुद्द ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. जगदेवीनं गावातल्या बायकांशी एकेकीशी बोलून ठरवून टाकलं, की शाळेत जाणाऱ्या पोरीची घागर नंबरात उभी राहील, पोर नाही. घागरीला कुणी मागं सारायचं नाही. पोरी सकाळी घागरी रांगेत लावून वर्गात येत. टँकरचा भोंगा वाजला की वर्ग सुटे, सगळ्या पळत, पाणी घरी टाकून पुन्हा बाकावर येत आणि गणित जिथं थांबलं तिथून पुढं चाले. कधी हे सकाळी व्हायचं, कधी चार वाजता. बायकांनी एकदाही घागर हलवली नाही. जगदेवीला या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो तिनं लपवलाही नाही.

नवे शिक्षणाधिकारी तपासणीला आले ते नेमके भोंगा वाजायच्या वेळेला. साहेब दारातून आत येतायत आणि सगळी आठवी त्यांना वळसा घालून बाहेर पळतेय, असा स्वागतसमारंभ झाला. साहेब नव्या जिल्ह्याचे. त्यांच्या अंगात उत्साह मावत नव्हता. शाळेची जुनी दप्तरं उस्मानाबादहून यायची होती, पण नियम सगळे येऊन पोचले होते. त्यांनी जगदेवीला विचारलं, बी.एड. कुठून केलं? ती म्हणाली, केलं नाही. पोरी परत आल्या, ओल्या हातांनी वह्या उघडून बसल्या, हे बघायला साहेब थांबले नाहीत. पुढच्या जूनपर्यंत पदवी आणा, नाहीतर ही जागा प्रशिक्षित माणसाला द्यावी लागेल, असं सांगून ते जीपमध्ये बसले. जाताना टाकीवरचा नावांचा दगड मात्र त्यांनी उभं राहून वाचला.

अण्णारावांना फार वाईट वाटलं. एवढं वाईट वाटलं की त्यांनी त्याच संध्याकाळी उपायसुद्धा शोधून काढला. बाईंनी बिनपगारी रजा घ्यावी, नांदेडला बी.एड. करून यावं, तोवर जागा राखायला आपला पुतण्या किशनराव आहे. तो नुकताच बी.एड. होऊन घरी बसला होता. पुतण्याला जागेचा काही मोह नाही, केवळ शाळेसाठी तो हा त्रास घेतोय, असं अण्णाराव तीनतीनदा म्हणाले. महादेवप्पा दुकानात तराजू पुसत होता. त्यानं बायकोला एवढंच विचारलं, की शिकवायला शिकायला वर्षभर जायचं, तर मग इतकी वर्षं काय केलं? प्रश्न जगदेवीलाही रास्त वाटला. पण वर्ग जाणार ही धास्ती मोठी होती. वर्ग सोडायचा नसेल तर वर्षभर वर्ग सोडावा लागेल, हा हिशेब तिला पटला. गणिताची बाई असून पटला, हे विशेष.

जायच्या आदल्या दिवशी ती आठवीला काळ-काम-वेग शिकवत होती. एका नळानं टाकी चार तासांत भरते, दुसऱ्यानं सहा तासांत. तळाला गळती आहे, तिनं भरलेली टाकी बारा तासांत रिकामी होते. तिन्ही चालू ठेवले तर टाकी किती वेळात भरेल? दुसऱ्या बाकावरच्या साखरानं बोट वर केलं. ही पोर कुठलंच गणित गुमान करायची नाही. ती खिडकीतून दिसणाऱ्या टाकीकडं बघत म्हणाली, बाई, नळाला पाणीच न्हाई अन् गळती मातर चालू हाय, असं गणित असलं तर? वर्ग हसला. जगदेवीही हसली. तेवढ्यात भोंगा वाजला आणि त्या दिवशी टँकर इतका उशिरा आलेला, की पोरी परतेपर्यंत शाळा सुटली. आल्यावर सांगते, असं ती साखराला म्हणाली.

नांदेडच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी तिला कळलं, की ती अकरा वर्षं जे करत होती त्याला अध्यापन म्हणत नाहीत. अध्यापनाला पायऱ्या असतात. आधी पूर्वज्ञान जागृत करायचं, मग प्रस्तावना, मग हेतुकथन, म्हणजे आज आपण अमुक शिकणार आहोत असं वर्गाला जाहीर करायचं. त्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही. मग विवेचन, दृढीकरण, उपयोजन, गृहपाठ. पोराला उत्तर आलं तर ‘छान’ म्हणायचं, त्याला प्रबलन कौशल्य म्हणतात. वर्गात इकडून तिकडं चालायचं, त्याला उद्दीपक बदल कौशल्य. जगदेवीला वाटलं, आपण पोरांच्या वह्या बघायला बाकांमधून फिरायचो तो नुसता पायी तंगडतोड प्रकार होता. नाव असतं तर दुखलेल्या पायांना जरा बरं वाटलं असतं.

तिचे गणिताच्या अध्यापनपद्धतीचे प्राध्यापक शेषेराव सर. वयानं तिच्यापेक्षा लहान, स्वभावानं गरीब. त्यांनी स्वतः शाळेत कधी शिकवलं नव्हतं, त्यामुळं त्यांच्या मतांवर अनुभवाचा डाग नव्हता. पहिल्या सरावपाठानंतर त्यांनी तिच्या टाचणावर लाल शाईनं लिहिलं, ‘छात्राध्यापिका पाठात फार रमते.’ तो दोष होता. ती समजावत बसली, एका मुलीसाठी फळ्यावर तीनदा आकृती काढली, आणि घंटा झाली तेव्हा दृढीकरण व्हायचं राहिलं होतं. सर तळमळून म्हणाले, बाई, मुलीला समजलं हे खरं. पण पाठ पूर्ण कुठं झाला? ती त्यांचं मन राखायला ‘हाव, खरं हाय’ म्हणाली. दोन-चार महिन्यांत ती पाठ वेळेत पूर्ण करू लागली. कसं ते सोपं होतं. कुणाला समजलं की नाही, हे बघणं सोडून द्यायचं.

हे सगळे पाठ द्यायचे कुणाला, तर कॉलेजशेजारच्या शाळेतल्या आठवीला. या आठवीएवढी शिकलेली आठवी अवघ्या मराठवाड्यात सापडली नसती. वर्षानुवर्षं शेकडो छात्राध्यापक तिच्यावर हात साफ करून गेलेले. त्यातून प्रत्येकाला सोपा धडा हवा, त्यामुळं टाकी कितीदा भरली त्याची गणती नव्हती. पोरं पायऱ्या कोळून प्यालेली. प्रस्तावना चालली की ती शांत बसत, हेतुकथन झालं की वह्या काढत, कुणी ‘छान’ म्हणायला विसरला तर त्याच्याकडं अपेक्षेनं बघत राहत. त्यांच्यात गंगम्मा नावाची एक किडकिडीत मुलगी होती, बिलोलीकडची. गावात पाणी नाही म्हणून मामाकडं शिकायला ठेवलेली. ती तर पाठ संपला की शेजारणीच्या कानात मार्क सांगायची. सरांचे मार्क तिच्यापेक्षा फारसे वेगळे नसत.

वार्षिक पाठाला जगदेवीच्या वाट्याला टाकीच आली. तिला बरं वाटलं, आणि थोडं हुरहुरलं. साखराचा प्रश्न आठवला. महादेवप्पानं दुकानातला बिस्किटाचा पत्र्याचा डबा कुणासोबत तरी पाठवून दिला. जगदेवीनं त्याला सलाईनच्या दोन नळ्या बसवल्या, खाली तोटी लावली. शैक्षणिक साधन झकास तयार झालं. आता फक्त पाणी हवं. इथं घोळ झाला. नांदेड गोदावरीच्या काठावर आहे हे भूगोलात खरं, पण त्या वर्षी नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि वसतिगृहात एका बादलीत दोघींनी भागवायचं. त्यामुळं शैक्षणिक साधनांसाठी पाणी वापरू नये, अशी प्राचार्यांची सूचना फलकावर लागलेली. आणि साधन प्रत्यक्ष वापरून दाखवलं नाही तर मार्क कापायचे, हा परीक्षेचा नियम. कुठला मोडू, असं तिनं शेषेराव सरांना विचारलं.

“अभिनय करा,” ते म्हणाले. “पाणी शेवटी विद्यार्थ्यांच्या मनात असतं.”

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक मागच्या बाकावर बसले. उन्हानं बेजार झालेले, एसटीत रात्र काढलेले. डोळे मिटत होते. जगदेवी उभी राहिली. प्रस्तावना झाली. समोर दुसऱ्या बाकावर गंगम्मा बसलेली, आणि तिची नजर अशी, की जगदेवीला वाटलं आपण उंबरदऱ्यातच आहोत. जुन्या सवयीनं ती सरळ गणितात घुसली. वर्ग चुळबुळला. कुणी वही काढेना. मग गंगम्मानं बोट वर केलं आणि उभी राहून अदबीनं म्हणाली, “मॅडम, हेतुकथन राहिलं.”

मागं परीक्षक खडबडून जागे झाले. तिनं घाईघाईनं हेतुकथन केलं, तशा सगळ्या वह्या एकदम बाहेर आल्या आणि परीक्षकांनी आपल्या कागदावर ‘विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग’ असं लिहिलं. पुढं सगळं सुरळीत झालं. तिनं रिकामा तांब्या उचलून रिकाम्या डब्यात ओतला. मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडानं खळखळ असा आवाज काढला, तोही इतका हुबेहूब, की परीक्षकांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. टाकी भरली का, असं तिनं विचारलं. भरली मॅडम, असं वर्ग एकसुरात म्हणाला. ती ‘छान’ म्हणाली. प्रश्न विचारायच्या आधीच चार जणांनी ‘तीन तास’ असं उत्तर दिलं, तेव्हा त्यांना थांबवून तिला आधी प्रश्न विचारावा लागला. घंटा आणि गृहपाठ एकाच क्षणी झाले. कोरड्या डब्यानं पहिला वर्ग मिळवून दिला; ‘साधनाचा परिणामकारक वापर’ असा शेराही पडला.

वर्गाबाहेर तिनं गंगम्माला गाठलं. आधी तिचे आभार मानले. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, “गणित समजलं का गं तुला?”

“न्हाई मॅडम,” गंगम्मा सहज म्हणाली. “उत्तर तीन येतं, एवढं म्हाईत हाय.”

जगदेवीनं पोरीचा हात धरला. ये, इथं पायरीवर बस, मी सांगते, असं म्हणून ती खडू शोधू लागली. पण दारात पुढचा छात्राध्यापक उभा होता, त्याच्या हातात त्याची टाकी होती, आणि वर्गातून गंगम्माला हाका येत होत्या. पोर गेली. जगदेवीला त्या क्षणी आपल्या पाठाची लाज वाटली. एवढ्या पोरीला एवढ्या लोकांनी शिकवलं, त्यांत आपणही एक, आणि पोरीच्या पदरात फक्त एक आकडा पडला. ती रात्रभर तळमळली. सकाळी मात्र तिनं स्वतःची समजूत घातली, की झालं ते झालं, आता आपला वर्ग आपल्याला परत मिळेल. तिथं काय करायचं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

निकाल लागला आणि ती उंबरदऱ्याला परतली. उन्हाळा सरत आला होता, पाऊस आला नव्हता. महादेवप्पानं गावात पेढे वाटले. पहिला पेढा अण्णारावांनी घेतला, तोंडात टाकला, आणि तो चघळतच बातमी दिली. आठवीचा पट घसरला होता. इतका, की शिक्षकांचं एक पद कमी झालं होतं.

पट घसरायला फार काही लागलं नाही. किशनराव सर प्रशिक्षित होते. त्यांनी वर्ग हातात घेतल्याबरोबर वेळापत्रक लावलं. तासाच्या मध्ये कुणी उठायचं नाही. भोंगा वाजो, नाहीतर आभाळ कोसळो. उठली ती गैरहजर. वर्गव्यवस्थापनाच्या दृष्टीनं त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पोरी आठवडाभर बसून राहिल्या, घागरी रिकाम्या घरी गेल्या, घरी जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या आठवड्यापासून घागरींच्या जागी पोरी नंबरात उभ्या राहिल्या आणि बाक रिकामे झाले. किशनरावांचा पाठ मात्र रोज वेळेत पूर्ण होत होता.

एक पद कमी झालं, तर जाणार कोण? जगदेवीला वाटलं, हा काय प्रश्न झाला. तिची अकरा वर्षं, किशनरावाचं एक. अण्णाराव दुःखानं मान हलवत म्हणाले, बाई, नियम माझ्या हातात असता तर. म्हणून ती लातूरला गेली.

शिक्षणाधिकाऱ्यांचं ऑफिस एका भाड्याच्या इमारतीत होतं. खाली भुसाराची अडत, वर शिक्षण. साहेब तेच. त्यांनी तिला ओळखलं, बसायला सांगितलं, पदवीबद्दल अभिनंदनही केलं. मग सेवाज्येष्ठता कशी धरतात ते त्यांनी सविस्तर समजावलं. शिक्षकाची ज्येष्ठता धरतात ती प्रशिक्षण पूर्ण झाल्या दिवसापासून. किशनराव आधी प्रशिक्षित, म्हणून ज्येष्ठ. जगदेवी नुकतीच प्रशिक्षित, म्हणून शाळेत सगळ्यांत कनिष्ठ. आणि कनिष्ठ असेल ती अतिरिक्त. साहेब इतकं स्वच्छ, इतकं पायरीपायरीनं समजावत होते, की बी.एड.ला त्यांना चांगले मार्क असणार हे तिला कळून चुकलं.

“आणि माझी अकरा वर्षं?” तिनं विचारलं.

“ती सेवा झाली, बाई. तिचा आदर आहेच,” साहेब म्हणाले. “पण शिक्षक म्हणून तुमचा जन्म यंदाच्या एप्रिलमधला.”

तिला ओरडावंसं वाटलं, की मी गेले नसते तर पट पडला नसता, पट पडला नसता तर पद गेलं नसतं, आणि तुम्हीच मला घालवलं. दुसऱ्या शाळेत जागा झाली की सामावून घेण्याचा आदेश निघेल, उदगीर तालुक्यात निघेल, निलंग्यात निघेल, तोवर वाट बघायची, असं साहेबांनी सांगितलं. किती वाट, ते त्यांनाही सांगता येईना. ती जिना उतरली, एसटीत बसली आणि अहमदपूरपर्यंत पदरानं तोंड झाकून रडली. शेजारच्या बाईला वाटलं, कुणीतरी गेलं. तिनं मायेनं पाठीवर हात फिरवला. जगदेवीनंही तिचा समज दुरुस्त केला नाही.

शाळा सुरू झाल्या दिवशी घरात पाणी नव्हतं. सासू रत्नम्मा गुडघेदुखीनं बसलेली, तेव्हा जगदेवीच सवयीनं खांद्याला पिशवी अडकवून, घागर घेऊन टाकीपाशी गेली आणि नंबरात उभी राहिली. कुंपणापलीकडून किशनराव सरांचा आवाज येत होता. प्रस्तावना चालली होती, चार-पाच पोरांसाठी. इकडं टाकीच्या सावलीत सगळी जुनी आठवी ओळीनं उभी. साखरा तिच्या पुढंच होती. वर्षभरात उंच झालेली, उन्हानं काळवंडलेली. बाईंना रांगेत बघून पोरी संकोचल्या, पदर-ओढण्या सावरू लागल्या. साखरा मात्र वळली.

“बाई, तुमी पास झालात म्हणं?”

“हाव.”

“मग आता शिकवून न्हाई राहिल्या?”

“पास झाले म्हणून न्हाई,” जगदेवी म्हणाली.

असलं गणित साखराला कुणी घातलं नव्हतं. मग म्हणाली, “आमचं टाकीचं ऱ्हायलंय. आल्यावर सांगते म्हणला होतात.”

जगदेवीचा जीव गलबलला. तिला वाटलं होतं हे फक्त आपल्याच लक्षात आहे. आता कशाला, असं ती पुटपुटली. इथं ना फळा ना वर्ग. पण हात पिशवीत गेला होता, आणि पिशवीच्या तळाशी नांदेडचे रंगीत खडू तसेच पडले होते. टाकीची भिंत सरकारी, गुळगुळीत, कुणी कधी न वापरलेली. तिनं नावांच्या दगडाखाली दोन नळ काढले, तळाला गळती काढली. पूर्वज्ञान जागृत केलं नाही, हेतुकथन केलं नाही. एका तासात पहिला नळ किती भरील, असं तिनं थेट विचारलं. पोरी घागरी नंबरात ठेवून भिंतीपाशी आल्या. चौथाई, कुणीतरी म्हणालं. का चौथाई, तिनं विचारलं, आणि ज्या पोरीला सांगता येईना तिच्यासाठी पुन्हा आकृती काढली. रांगेतल्या बायकांनीही मान लांब केली. एकीनंही घागर हलवली नाही.

अण्णाराव सोसायटीकडं निघाले होते. ही गर्दी बघून थांबले, भिंत बघितली, कुंपणापलीकडचे रिकामे बाक बघितले. त्यांचा स्वर नेहमीसारखा गोड होता.

“बाई, संस्थेची मान्यता घेतल्याबिगर वर्ग भरवता येत न्हाई. तुमी तर आता शिकलेल्या.”

जगदेवी वळली नाही. खडूनं गळतीचा बारावा भाग वजा करता करता म्हणाली, “वर्ग कुठं हाय अण्णा? रांग हाय ही. रांगेला मान्यता लागत न्हाई.”

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. अण्णारावांनी आजूबाजूला बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मग उन्हाचं निमित्त करून छत्री उघडली. तेवढ्यात भोंगा वाजला. सगळ्या पळाल्या, जगदेवीसुद्धा. पाणी मिळालं, ज्याचं त्याच्या घरी गेलं. जगदेवीनं घागर सासूपुढं ठेवली आणि ती परत निघाली, तेव्हा मनात धाकधूक होती, की आता तिथं कोण असणार.

टाकीपाशी साखरा उभी होती. केस भिजलेले, हातात खडूचा तुकडा. तिच्यामागून एकेक पोर बोळातून येत होती. भिंतीवरच्या गणिताखाली साखरानं तीन तास असं उत्तर लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली, बाईंनी विचारलं नव्हतं तरी, दुसरं उत्तर लिहिलं होतं: नळाला पाणी नसलं तर गळती धरायची नाही, कारण गळायला काही नाही.

जगदेवीनं ते दोनदा वाचलं. ‘छान’ म्हणायचं असतं, हे तिला या वेळीही आठवलं नाही. तिनं नुसतं पुढचं गणित घातलं. सामावून घेण्याचा आदेश अजून निघालेला नाही.